इटॅलिक केल्यावर आयपीएमधले (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतले) दोन 'ए' सारखेच दिसतात, कुठला फॉन्ट वापरू?

तुमचा प्रबंध वऱ्हाडीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांवर आहे, तक्त्यात 'पास'चा लंडनकडचा उच्चार आणि अकोल्याकडचा उच्चार शेजारी शेजारी दिलेत, आणि इटॅलिक केल्यावर दोन्ही रकाने एकसारखे दिसायला लागले, असं तुम्ही लिहिलंय. फॉन्टचं नंतर बघू. आधी त्या रकान्यांचं इटॅलिक काढा.

मी नागपुरात प्रबंधांची जुळणी करून देतो. भाषाविज्ञानाचं काम आलं की पहिली दुरुस्ती हीच असते. ध्वनिलिपी तिरपी करण्याची गरजच नसते. प्रघात असा आहे की उदाहरणाचा शब्द रोमन स्पेलिंगमध्ये लिहिला तर तो इटॅलिकमध्ये, आणि त्याचा उच्चार चौकटी कंसात किंवा दोन तिरप्या रेघांमध्ये, सरळ अक्षरात. कंस आहेत म्हणजे हा उच्चार आहे हे वाचणाऱ्याला कळतंच, वर पुन्हा तिरपं करून काय मिळवायचं?

आता असं का होतं? आपला गोंधळ देवनागरीमुळे होतो. मराठी मजकूर निवडून इटॅलिकचं बटण दाबलं की अक्षर नुसतं कलतं. 'अ'चा आकार तोच राहतो. रोमनमध्ये इटॅलिक हा वेगळाच साचा आहे. व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियस या छापखानेवाल्याने १५०१ पासून त्यात अख्खी पुस्तकं छापायला घेतली. त्याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेला तो टाइप त्या काळच्या हस्ताक्षरावरून घेतलेला होता. हाताने लिहिताना 'ए'च्या डोक्यावर कुणी छत काढत नाही, गोल काढून शेपूट देतात. म्हणून बहुतेक इटॅलिकमध्ये छापील दुमजली 'ए' एकमजली होतो. आयपीएमध्ये मात्र दुमजली म्हणजे तोंडाच्या पुढच्या भागातला विवृत, म्हणजे तोंड मोठं उघडून म्हटलेला स्वर (मराठी 'आ'लाही बहुतेक जण हेच चिन्ह वापरतात) आणि एकमजली म्हणजे मागचा, लंडनच्या 'पास'मधला. तुमचा सगळा मुद्दा या छतावर उभा आहे आणि इटॅलिक नेमकं तेच काढून घेतं.

'व्होट'चा रकानाही तपासा. इंग्रजीतला व्ही दात ओठावर घासून येतो, आपला 'व' सैल असतो, त्याला तळाशी गोल आणि उजवं टोक आत वळलेलं वेगळं चिन्ह आहे. बऱ्याच इटॅलिक फॉन्टांत साध्या व्हीचाच तळ गोल होतो, मग दोन्ही एकच. 'बॅट'मधल्या स्वराचं 'ए'-'ई' जोडून केलेलं चिन्हही 'ओ'-'ई'च्या जोडचिन्हासारखं दिसायला लागतं. 'ण' आणि 'ङ' यांच्या चिन्हांत एकाची शेपटी उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे, एवढाच काय तो फरक. बारीक तिरप्या अक्षरात तो मला भिंगातूनही नीट दिसत नाही. 'ळ'चंही असंच झालं असतं, पण वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो, तेवढी भानगड तुमची कमी. इंग्रजी 'जी' मात्र कसाही असू द्या, आयपीएला त्याचे दोन्ही आकार चालतात.

वर्डमध्ये एकेक शब्द शोधत बसू नका. शोधा-बदलामध्ये वाइल्डकार्ड चालू करून उघडत्या चौकटी कंसापासून बंद कंसापर्यंतचा मजकूर शोधा आणि बदलताना फक्त 'इटॅलिक नको' एवढंच सांगा. एखादा कंस बंद करायचा राहिला असेल तर पुढचा अर्धा परिच्छेद सरळ होऊन बसेल, म्हणून 'सगळे बदला' दाबण्याआधी दोन-चार पानं हाताने करून बघा.

सरळ केल्यावर कळेल की काही ठिकाणी मुळातच चुकीचं अक्षर टाइप झालंय. गोल 'ए'च्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा कोड येईल. ०२५१ आलं तर बरोबर. ०३बी१ आलं तर तो ग्रीक अल्फा आहे, सिम्बॉलच्या यादीतून चुकून उचललेला. दिसायला सारखा, पण फॉन्ट बदलला की वेगळा पडतो. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत येतं.

गाईडनी 'उदाहरणं तिरपीच हवीत' असं बजावलं असेल तर डुलोस सिल हा मोफत फॉन्ट घ्या. त्याला स्वतःचं इटॅलिक नाहीच, त्यामुळे वर्ड त्याला नुसतं कलवतं आणि 'ए'चं छत शाबूत राहतं. जाणकार याला खोटं इटॅलिक म्हणून नाक मुरडतात, पण तुमच्या कामाला ते खऱ्यापेक्षा बरं. टाइम्सशी तो बऱ्यापैकी जुळतो, म्हणून बाकी पानात उपराही वाटत नाही. खरं इटॅलिकच हवं तर चॅरिस सिलमध्ये ही अक्षरं फक्त कलती ठेवणारा स्टायलिस्टिक सेट (अक्षरांचे पर्यायी आकार निवडायची सोय) आहे.

सीताबर्डीत प्रिंटला जाताना वर्डची फाइल नेऊ नका. दुकानातल्या संगणकावर डुलोस नसला तर तो गुपचूप दुसराच फॉन्ट लावून मोकळा होतो. घरूनच फॉन्टसकट पीडीएफ करून न्या आणि आधी तक्त्याचं एकच पान काढून बघा.