बी.एस्सी. झाल्यावर सीए करायचं असेल तर आधी बी.कॉम. करावं लागतं का?

नाही, बी.कॉम. करायची गरज नाही. बी.एस्सी.ला ६० टक्के असतील तर सीएच्या तीन परीक्षांपैकी पहिली, म्हणजे फाउंडेशन, न देता थेट दुसरीला, म्हणजे इंटरमीडिएटला (इंटर) नोंदणी होते. हा सीएच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा, आयसीएआयचाच नियम आहे, 'डायरेक्ट एन्ट्री' म्हणतात त्याला. कॉमर्सवाल्यांना ५५ टक्के पुरतात, पण त्यांच्या मार्कशीटवर अकाउंटिंग, ऑडिटिंग, कायदा, टॅक्सेशन, कॉस्टिंग, अर्थशास्त्र अशांपैकी १०० गुणांचे किमान तीन पेपर लागतात. तुमच्या फिजिक्स-केमिस्ट्रीला ही अट नाही, पण टक्के जास्त मागतात. ६०च्या खाली असाल तर फाउंडेशन द्या: अकाउंटिंग, बिझनेस लॉ, गणित-सांख्यिकी आणि अर्थशास्त्र असे चार पेपर. गणिताच्या पेपरात बी.एस्सी.वाल्यांचं सहसा अडत नाही. पुढे इंटरला सहा, फायनलला सहा पेपर आणि मध्ये दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण (२०२३च्या नव्या योजनेनुसार).

मात्र फाउंडेशन वगळता आलं म्हणून अकाउंट्सचा पाया वगळता येत नाही. इंटरच्या पहिल्याच पेपरात अकाउंटिंग स्टँडर्ड्स आणि कंपन्यांचे हिशेब येतात, आणि जर्नल एंट्री, ट्रायल बॅलन्स, घसारा हे तुम्हाला येतं असं धरूनच पुढचं शिकवलं जातं. त्यामुळे नोंदणीआधी अकरावी-बारावीची बुक-कीपिंगची पुस्तकं आणा आणि उदाहरणं हाताने सोडवा, नुसती वाचू नका. फाउंडेशनचं अकाउंटिंगचं स्टडी मटेरियल आयसीएआयच्या साइटवर फुकट मिळतं, क्लासची फी भरण्याआधी ते उघडून बघा.