खालचा सूर आधी ऐका

तुमची अडचण मला नीट कळली. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत रविवारच्या भागात त्या मुलाने अभंग गायला, परीक्षक उभे राहिले, टाळ्या थांबेनात, आणि तुम्हाला मात्र काहीतरी खटकत राहिलं. काय ते सांगता येईना, म्हणून तुम्ही 'बेसूर वाटला' एवढंच लिहिलंत आणि त्यावरून बरीच बोलणी खाल्लीत. आता तुम्ही विचारताय की खटकलेलं नेमकं ओळखायचं कसं आणि सांगायचं कसं. मी बरीच वर्षं पेटीची साथ करते आणि या स्पर्धा मनापासून पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्या अभंगाबद्दल शेवटी बोलते. तो मी तीनदा ऐकला.

पहिल्यांदा गाणं जसं दाखवतात तसं पाहा, आनंद घ्या. मत मात्र दुसऱ्यांदा ऐकताना बनवा, आणि तेव्हा पडद्याकडे पाठ करा. आईच्या डोळ्यांतलं पाणी, परीक्षकांचा वर गेलेला हात, बरोबर तार सप्तकातल्या, म्हणजे वरच्या पट्ट्यातल्या, सुराला पेटणारे दिवे, हे सगळं आपल्याला सांगत असतं की आता भारी वाटून घ्या. पाठ केली की उरतो फक्त आवाज. मग कळतं की ज्या सुराला टाळ्या पडल्या तो ठीकच होता, पण त्याच्या आधीच्या दोन ओळी जवळजवळ ऐकूच आल्या नव्हत्या.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. गाण्याची परीक्षा खालच्या सुरात होते. वरचा सूर जोरावर लागतो. पोटातून हवा ढकलली, मान ताणली, की तो लागून जातो, आणि त्याची तयारी आठवडाभर झालेली असते. मंद्र सप्तकात, म्हणजे खालच्या सुरांत, जोर चालत नाही. तिथे हळू गायचं, तरी सूर भरीव ठेवायचा, शब्दही स्पष्ट ठेवायचा. ज्याने खर्जाचा, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा, रियाज केला आहे त्यालाच ते जमतं. म्हणून मी मुखड्यातली, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या सुरुवातीच्या ओळींतली, सगळ्यात खालची जागा शोधते आणि तिथे कान लावून बसते. आवाज तिथे नुसता हवेसारखा झाला, किंवा सूर घशात घासला गेला, तर पुढच्या ताना कितीही सुंदर असोत, माझ्या मनात खूण होते.

याचा पट्टीशी, म्हणजे गायक आपला 'सा' किती उंचीवर धरतो त्याच्याशी, फार जवळचा संबंध आहे, आणि पट्टीबद्दल प्रेक्षक जवळजवळ कधीच बोलत नाहीत. समजा एखाद्या गाण्याचा मुखडा मंद्र पंचमापर्यंत उतरतो आणि अंतरा, म्हणजे मुखड्यानंतरचं कडवं, तार गंधारापर्यंत चढतो. म्हणजे पावणेदोन सप्तकांचा पल्ला झाला. पट्ट्यांची नावं पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून पडली आहेत. पुरुष साधारण पांढरी एक ते काळी दोन या टापूत गातात, बायका काळी चार, पांढरी सहाच्या आसपास. आता एखाद्या मुलाने काळी एकऐवजी काळी दोन घेतली, तर खालचा पंचम सोपा होतो, पण वरचा गंधार गळ्याला टोचतो. उलट पांढरी एक घेतली तर वर आरामात जाता येतं, खाली मात्र सूर बुडतो. स्पर्धेत टाळ्या वर मिळतात, त्यामुळे वरची जागा हमखास लागेल अशी पट्टी ठरवली जाते आणि खालच्या जागेचा बळी जातो. बाईने गायलेलं गाणं मुलगा गातो किंवा मुलगी पुरुषाचं गाणं घेते, तेव्हा हा प्रश्न आणखी अवघड होतो. अशा वेळी 'आवाजात ताकद नाही' असं लिहिणं अन्यायाचं आहे. आवाज असतो, पट्टी चुकलेली असते, आणि ती निवडण्यात स्पर्धकाइतकाच त्याला तयार करणाऱ्यांचा हात असतो.

आता 'बेसूर' या शब्दाबद्दल. तो फार मोठा शब्द आहे, जपून वापरा. या फेऱ्यांपर्यंत पोचलेली मुलं बेसूर नसतात. सूर किंचित चढा लागतो किंवा किंचित उतरतो, आणि दोन्हींची कारणं वेगळी असतात. चढा सूर बहुतेक उत्साहाचा किंवा भीतीचा असतो. वाद्यं जोरात वाजू लागली की गायक जास्त जोर लावतो आणि सुराच्या वर जातो. उतरता सूर दमसासाचा असतो. ओळीचा शेवटचा स्वर लांबवताना श्वास संपत आला की तो खाली घसरतो. म्हणून ओळींचे शेवट ऐका. सुरुवात सगळे सांभाळतात. मोबाइलवर तानपुरा लावून गाण्याच्या पट्टीत षड्ज, म्हणजे सा, धरा आणि त्यावर मुखड्याची प्रत्येक परत येण्याची जागा तपासा. महिनाभरात कान असा तयार होईल की तानपुऱ्याची गरज उरणार नाही.

तरी एक सावधगिरी ठेवा. आपण घरी ऐकतो तो आवाज मंचावर निघालेलाच असेल अशी खात्री नसते. ऑटोट्यून हे सुराची दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर 1997 साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालच्या ध्वनिलहरींचा अभ्यास करत. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. 2010 मध्ये ब्रिटनच्या 'द एक्स फॅक्टर'मध्ये चाचणी फेरीतले आवाज असे दुरुस्त केल्याचा संशय प्रेक्षकांना आला, मोठा गदारोळ झाला आणि निर्मात्यांना ध्वनीवर नंतर काम झाल्याचं मान्य करावं लागलं. कुठल्या कार्यक्रमात किती दुरुस्ती होते हे बाहेरून ठरवता येत नाही आणि तसे आरोप करूही नयेत. पण यातून एक गोष्ट घ्यावी. दुरुस्तीला सूर सापडतो, शब्द सापडत नाही. श्वास कुठे घेतला, शब्द कुठे तोडला, कोणत्या अक्षरावर वजन दिलं, हे यंत्राने सहज बदलत नाही. आपलं ऐकणं तिथे जास्त विश्वासाचं असतं.

आणि शब्दांच्या बाबतीत मी खरोखर कडक आहे. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चंद्र' आणि 'चांदणं' एकाच ओळीत आले तर दोन्ही च वेगळे लागायला हवेत. 'जग' आणि 'जीवन' यांतले ज वेगळे. हिंदी गाण्यांवर वाढलेला गळा सगळे च एकाच साच्यातून काढतो आणि गाणं परकं वाटू लागतं. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, नुसतं 'भाव नाही' असं वाटतं. कितीतरी वेळा हरवलेला भाव म्हणजे चुकलेला उच्चार असतो. ळ आणि ण यांचंही तसंच. श्वासाचं तर विचारूच नका. 'दारात' हा शब्द 'दा' म्हणून श्वास घेतला आणि मग 'रात' म्हटला, तर दाराची रात्र होते. कवीने जपून ठेवलेला अर्थ एका श्वासात सांडतो.

लयीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती तुम्हाला आपोआप जाणवते. पायाने ठेका धरा. गायक सतत ठेक्याच्या पुढे धावत असेल तर तो घाबरलेला आहे. मुद्दाम मागे रेंगाळून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर येत असेल तर तो तयारीचा आहे. हा फरक दोनदा ऐकलात की कायमचा कळेल.

गाण्याचा प्रकार बघूनच माप लावा. लावणीला आवाजाची फेक हवी आणि नखरा शब्दांतून यायला हवा, ओरडून येत नाही. भावगीतात तीच फेक ओळीचा जीव घेते. तिथे एखादा कण (सुराला हलकेच शिवून जाणारा दुसरा सूर), एखादी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पुरते. नाट्यगीतात ताना हव्यात, पण पद संपलं तरी तान संपत नाही असं होऊ नये. आणि 'मूळ चाल चुकवली' असं लिहिण्याआधी मूळ कोणतं याची खात्री करा. 1967 च्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन वेगळ्या चालींत आहे, आणि दोन्ही जितेंद्र अभिषेकींच्याच. ज्याने एकच चाल ऐकली आहे त्याला दुसरी चूक वाटेल.

हरकती, मुरक्या, म्हणजे शब्दावर घेतलेल्या सुरांच्या छोट्या नक्षीबद्दल, माझं मत अनेकांना पटत नाही. मूळ गायकाची प्रत्येक मुरकी जशीच्या तशी उतरवली की परीक्षक खूश होतात, आणि मेहनत म्हणून ती मोठीच आहे. पण ती मुरकी त्या गायकाने त्या शब्दासाठी घेतलेली असते. शब्द न कळता मुरकी घेतली की ते हस्ताक्षराची नक्कल करण्यासारखं होतं. मला एक हरकत कमी असलेलं पण समजून गायलेलं गाणं जास्त आवडतं. नक्कल आणि समज यांतला फरक ओळखायचा असेल तर अंतऱ्याची ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा ऐका. नक्कल करणारा ती हुबेहूब तशीच म्हणतो. समजून गाणाऱ्याच्या तोंडी तीच ओळ थोडी वेगळी होते, निदान वजन तरी दुसऱ्या शब्दावर जातं.

गुणांच्या तुलनेबद्दल तुम्ही विचारलंत. 'सा रे ग म प'च्या लिटिल चॅम्प्सचं 2008-09 चं पर्व आठवा. अंतिम फेरीत कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत अशी पाच मुलं होती, आणि पाचही गळ्यांची जातकुळी वेगळी. कार्तिकी जिंकली. त्यानंतर घराघरांत वाद झाले, पण वाद घालणारे बहुतेक लोक खरं तर आपल्याला कोणता प्रकार आवडतो हेच सांगत होते. तेव्हापासून मी एका स्पर्धकाची दुसऱ्याशी तुलना करत नाही. त्याची त्याच्याच मागच्या गाण्याशी करते. मागच्या वेळी ओळीच्या शेवटी सूर उतरत होता, या वेळी धरला का? असं ऐकलं की तीन-चार भागांत कोण शिकतोय आणि कोण फक्त टिकून आहे ते स्वच्छ दिसतं.

लहान मुलांवर लिहिताना मात्र हात आखडता घ्या. मी एकदा एका मुलाच्या आवाजाबद्दल 'फाटका लागला, तयारी नाही' असं लिहिलं होतं. दोन महिन्यांनी तोच मुलगा एकदम खालच्या पट्टीत गाताना ऐकला आणि माझ्या लक्षात आलं की तेव्हा त्याचा आवाज फुटत होता. त्या वयात मुलांचा स्वरयंत्राचा भाग झपाट्याने वाढतो आणि आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली येतो. काल लागणारा सूर आज लागत नाही, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. त्या वेळी त्याला जोर लावायला लावणं गळ्यासाठी वाईट. माझं वाक्य त्याने वाचलं असेल का, हा विचार अजून मला टोचतो. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांच्या आवाजाच्या पोताबद्दल मी आता लिहीतच नाही. पट्टी, गाण्याची निवड, शब्द यांवर लिहिते, कारण ते मोठ्यांच्या हातात असतं.

आता तो अभंग. तुमचा गायक विशीतला आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिता येईल. वरच्या जागा त्याने उत्तम घेतल्या, टाळ्या योग्यच होत्या. तुम्हाला खटकलं ते मुखड्यात आहे. दुसऱ्या ओळीत चाल मंद्रात उतरते तिथे त्याचा सूर लागतच नाही, तो शब्द जवळजवळ बोलून टाकतो. पहिल्या दोन वेळी हे झाकलं गेलं, कारण त्याच वेळी टाळ आणि पखवाज जोरात होते. शेवटच्या मुखड्याला वाद्यं थांबली आणि ती जागा उघडी पडली. तुमच्या कानाने हेच पकडलं. दुसरं, 'विठ्ठल' म्हणताना तो 'ठ्ठ'वर थांबतच नाही, 'विठल' असं ऐकू येतं, आणि अभंगाचा सगळा जोर त्या एका जोडाक्षरावर उभा असतो. तिसरं, अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीत शब्दाच्या मध्ये श्वास घेतला आहे, कारण आधीची तान एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, जास्त लांबली. तान तेवढी आखडली असती तर श्वास मिळाला असता.

तेव्हा 'बेसूर वाटला'ऐवजी असं लिहा: 'मुखड्याची दुसरी ओळ खाली उतरते तिथे सूर धरला गेला नाही, अर्धा स्वर वरची पट्टी घेतली असती तर जमलं असतं. अंतरा सुरेख.' यावर कुणी चिडलं तरी त्याला ती ओळ पुन्हा ऐकावी लागेल. मला स्वतःला वाटतं की अर्धा स्वर वर नेला तरी त्याचा तार गंधार टिकला असता, कारण तिथे त्याचा गळा अजिबात ताणलेला नव्हता. या रविवारी तो भावगीत गाणार आहे, आणि त्यात लपायला टाळ-पखवाज नसतील. मुखडा झाला की लगेच खालची जागा तपासा आणि काय ऐकू आलं ते मला नक्की कळवा.