तापी पाइपलाइन कुठे अडली? (जरा लांबलेलं उत्तर)

मूळ प्रश्न असा: तापीचं (तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत या गॅसलाइनीचं) भूमिपूजन २०१५ मध्ये झालं, मग गॅस अजून का नाही? आणि तोवर कतारहून जहाजाने एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला गॅस) कशाला आणायचा? बहुतेकांनी 'पाकिस्तान' एवढं एकच उत्तर दिलंय. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

आधी धंद्याचं गणित. तेलाचं जहाज एका बंदरानं नाकारलं तर माल दुसरीकडे खपवता येतो. पाइपमधला गॅस मात्र नळी जिथे संपते तिथेच विकायचा. म्हणून करार पंचवीस-तीस वर्षांचे असतात आणि त्यात 'टेक ऑर पे'चं कलम असतं: गॅस उचला नाहीतर राहू द्या, ठरलेल्या किमान मालाचे पैसे मोजायचेच. बँका कर्ज देतात ते त्याच्या भरवशावर. पण एकदा पैसा जमिनीत पुरला की मधल्या देशाचं पारडं जड होतं. त्याला व्हॉल्व्ह बंद करायचीही गरज नसते, वाढीव भाडं मागितलं तरी पुरतं.

त्यामुळे दराइतकीच ओढाताण 'डिलिव्हरी पॉइंट'वर होते, म्हणजे गॅस कुठल्या हद्दीवर खरेदीदाराचा होतो यावर. इराण-पाकिस्तान-भारत लाइनीत आपलं म्हणणं होतं, आमच्या सीमेवर आणून द्या, वाटेतली जोखीम तुमची. इराणला ते मान्य नव्हतं. तुर्कमेनिस्तानचं तर धोरणच आपल्या सीमेवर गॅस विकून मोकळं व्हायचं. आता तापीचा मार्ग बघा: तुर्कमेनिस्तानातल्या गल्किनिश गॅसक्षेत्राहून हेरात, कंदाहार, क्वेट्टा, मुलतान करत पंजाबातलं फाजिल्का, सुमारे १,८०० किमी. कंदाहारजवळ पुरवठा तुटला तर भुर्दंड कुणी भरायचा, याचं समाधानकारक उत्तर कागदावर नसेल तर कुठली बँक पुढे येईल? समारंभ मात्र होत राहिले. २०१८ ला अफगाण टप्प्याचा झाला, २०२४ मध्ये तालिबाननं हेरातकडच्या कामाचा पुन्हा केला.

घातपाताची भीती सगळ्यांना दिसते, दाबाची दिसत नाही. गॅस ढकलायला वाटेत कॉम्प्रेसर स्टेशनं लागतात. एक बंद पडलं तरी पुढची लाइन मंदावते. उलट घेणाऱ्यानं उचल अचानक कमी केली तर मागे दाब चढतो. एप्रिल २००९ मध्ये तुर्कमेनिस्तानहून रशियाकडे जाणारी लाइन फुटली. पुरेशी सूचना न देता गॅझप्रॉमनं (रशियाची सरकारी गॅस कंपनी) उचल घटवली, हा तुर्कमेन सरकारचा आरोप. त्यानंतर कित्येक महिने विक्री बंद राहिली आणि त्याच डिसेंबरात चीनकडची लाइन सुरू झाली.

'सगळं पाकिस्तानमुळे' म्हणणाऱ्यांनी म्यानमारचं प्रकरण जरूर बघावं. जानेवारी २००५ मध्ये यांगूनला भारत, बांगलादेश आणि म्यानमारच्या मंत्र्यांनी लाइनीला तत्त्वतः होकार दिला. ओएनजीसी विदेश आणि गेल या आपल्या सरकारी कंपन्यांची तिथल्या श्वे गॅसक्षेत्रात भागीदारीही होती. मग बांगलादेशानं अटी पुढे केल्या: नेपाळ-भूतानशी व्यापाराला आणि तिथली वीज आणायला भारतातून वाट द्या, व्यापारातली तूट कमी करा. माझ्या मते मागण्या अवाजवी नव्हत्या. पण दिल्लीला हे विषय गॅसशी जोडायचे नव्हते. घोळ चालूच राहिला आणि २०१३ मध्ये तो गॅस म्यानमारमधल्या राखाइनच्या किनाऱ्यावरून चीनच्या युन्नानला गेला. भागीदार आपण, गिऱ्हाईक चीन! बांगलादेशावरही २०१८ पासून एलएनजी विकत घ्यायची वेळ आली.

आता जहाजाबद्दल. गॅस उणे १६२ अंशांवर द्रवरूप करणं खर्चिक आहे, पण मधला देश टळतो आणि विक्रेता बदलता येतो. कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०४८ पर्यंत वाढवलाय तो यासाठीच. मात्र इराणलगतची होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी कतारच्या जहाजांना चुकत नाही. आणि जहाज विकणाऱ्यालाही वळवता येतं: २०२२ मध्ये गॅझप्रॉमच्या जुन्या जर्मन कंपनीकडून गेलला ठरलेला माल मिळेनासा झाला. आपल्या दाभोळच्या एलएनजी उतरवण्याच्या धक्क्याला तर लाटा अडवणारा बांध अपुरा असल्यानं कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाजच लावता येत नव्हतं.

कुणीतरी ओमान-गुजरात समुद्राखालच्या लाइनीचं विचारलंय. त्यात मधला देश नाही, हे खरं. पण काळ्या समुद्रातल्या लाइनी सुमारे २,२०० मीटरवर आहेत, इथे तीन हजारांच्याही खाली जावं लागेल. तेवढ्या खोलीवर बिघाड झाला तर दुरुस्ती कशी आणि किती दिवसांत, हे पटवून दिल्याशिवाय त्या लाइनीला पैसा मिळणं अवघड.