भितरकनिकाला जाताय? आधी ओहोटीची वेळ विचारा
ओडिशात ब्राह्मणी-वैतरणी नद्यांच्या मुखाशी असलेल्या या राष्ट्रीय उद्यानात जायचं तर डिसेंबर-जानेवारी गाठा; मे ते जुलै मगरींच्या विणीमुळे उद्यान बंदच असतं. बोट ठरवताना भाड्याआधी ओहोटी कधी ते विचारा. भरतीला नुसतं गढूळ पाणी नि खारफुटी दिसते. पाणी उतरलं की चिखलाचे काठ उघडे पडतात आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरी उन्हाला येऊन पडतात. ओंडका समजून नजर पुढे सरकते, तेवढ्यात तो जबडा उघडतो. हात बोटीबाहेर काढायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही! मगर पाहून झाली की बहुतेकांना परतीची घाई होते. तुम्ही पाण्यावर वाकलेल्या फांद्या न्याहाळत राहा; तपकिरी पंखांचा खंड्या तिथेच बसतो, चोच लालभडक. दुर्बीण मात्र स्वतःची न्या.