लक्ष्मीच्या हातातली नाणी

प्रश्न : ताई, माझी मुलगी जळगावला चित्रकला शिकते. सुटीत घरी आली तेव्हा तिनं मोबाइलवर एक चित्र दाखवलं. येशूचं शेवटचं भोजन, आणि त्यावर साबणाच्या कंपनीचं चिन्ह न्‌ किमतीची चिठ्ठी! तिची आजी म्हणाली, "हाई काय शे?" मलाही ते पटलं नाही. देवाधर्माच्या नामांकित चित्राची अशी थट्टा करायची आणि तिला कला म्हणायचं?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आजींनी विचारलं ते योग्यच. ते चित्र अमेरिकेचा चित्रकार अँडी वॉरहॉल याचं आहे, 1986 चं. त्यावर डव्ह साबणाचं कबुतर आहे आणि 59 सेंट किमतीची चिठ्ठी आहे. पण ती थट्टा नव्हे. वॉरहॉल नेमानं चर्चला जाणारा माणूस होता. लिओनार्दो दा विंचीचं मूळ भित्तिचित्र इटलीत मिलानला आहे. वॉरहॉलनं मात्र समोर ठेवली ती बाजारात मिळणारी स्वस्त छापील नक्कल. ख्रिस्ती चित्रांत पवित्र आत्मा कबुतराच्या रूपात येतो, आणि दुकानात कबुतर म्हटलं की साबणाची वडी. दोन्ही कबुतरं एकाच माणसाच्या डोळ्यांपुढे दिवसभर असतात, एवढंच त्यानं मांडलं.

त्याआधी 1963 च्या सुरुवातीला लिओनार्दोचीच मोनालिसा पॅरिसहून आणून अमेरिकेत दाखवली होती. लाखो लोक रांगा लावून बघून गेले. त्याच वर्षी वॉरहॉलनं एका कॅनव्हासवर 30 मोनालिसा छापल्या आणि नाव दिलं 'एकापेक्षा तीस बरे'. हो, छापल्या. आपल्याकडे लग्नपत्रिका, कापडी पिशव्या छापतात तसं स्क्रीन प्रिंटिंग. लाकडी चौकटीवर जाळी ताणायची, वर शाई घालायची आणि रबराच्या पट्टीनं दाबून ओढायची. शाई जास्त झाली की चेहरा काळवंडतो, कमी पडली की पुसट येतो. छापखानेवाला असा कागद बाजूला टाकतो, वॉरहॉलनं तो फरक तसाच राहू दिला. एकच चेहरा इतक्या वेळा बघितल्यावर माणूस तो बघायचाच थांबतो, हे त्या चित्रापुढे उभं राहिलं की कळतं.

पण मला खरं बोलायचंय ते आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरबद्दल. सराफाच्या दुकानातून दिवाळीत मिळतं ते. कमळावर उभी लक्ष्मी, खाली दुकानाचं नाव न्‌ फोन नंबर. ही लक्ष्मी मुळात राजा रविवर्म्याची. त्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यातलं चित्र गरिबाच्या देवघरात पोचलं ते त्या छापांमुळे, आणि हे फार मोठं काम झालं असं मी मानते. त्यांची छापील लक्ष्मी नीट बघा. वरच्या दोन हातांत कमळं आहेत, खालचे दोन अभय आणि वरदान देणारे, बाजूला माळ घेतलेला हत्ती. नाणी नाहीत! हातातून धो-धो पडणारी सोन्याची नाणी नंतरच्या कॅलेंडरवाल्यांनी घातली. म्हणजे जुनं चित्र बदलून त्याला बाजाराशी जोडायचं काम आपल्याकडे आधीच झालं होतं, आणि त्याला आपण हात जोडले. वॉरहॉलवर रागावण्याआधी हे लक्षात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मुंबईचे चित्रकार अतुल डोडिया यांचं 'महालक्ष्मी' मुलीला आवर्जून दाखवा. आपल्या सराफ बाजारात रात्री खाली ओढतात तसलंच लोखंडी शटर, त्यावर लक्ष्मी. शटर वर सरकवलं की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी. हुंड्यापायी गेलेल्या. खानदेशात बोलणी कितीदा तोळ्यांवर अडतात, मुलीचा बाप कर्ज कुठून काढतो, हे तुम्हाला मी काय सांगू? त्या चित्रात लक्ष्मीची विटंबना नाही. तिच्या नावानं आपण जे चालवलंय, ते तिच्याच मागे उघडं पडतं. आजींना दाखवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर दाखवलं असतं. लग्नाच्या याद्या त्यांनीच जास्त बघितल्यात.

प्रश्न : मॅडम, मी अजिंठ्याच्या पद्मपाणीच्या, म्हणजे कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या, हातात कमळाऐवजी मोबाइल काढला. सर म्हणाले, चित्र नासवलंस. मी काय करू?
— बारावीची विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : तुझी कल्पना चांगली आहे, पण अजून अर्धीच आहे. कमळ पुसून मोबाइल ठेवला की लोक हसतात आणि पुढे जातात. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात जाऊन तो हात प्रत्यक्ष बघ. तुम्हाला अजिंठा काही लांब नाही. निळ्या कमळाचा देठ त्यानं बोटांत अलगद धरलाय, जराही दाब नाही. मोबाइल असा धरताच येत नाही, पडेल. म्हणजे बोटं नव्यानं बसवावी लागतील, मग मनगट बदलेल, खांदाही. नजर मात्र बदलायला नको. ती आधीच खाली झुकलेली आहे. तिथं करुणेनं झुकलीय, तुझ्या चित्रात पडद्याकडे झुकेल, आणि तुझं म्हणणं तिथंच आहे, हातात नाही.

आधी मूळचा हात पेन्सिलीनं काढ, देठासकट, जमेपर्यंत. ते रेखाटन सरांना दाखव आणि मोबाइल का हवाय ते मग सांग.