चागे आणि आस्का या जपानी जोडीची प्रेमगीतं ऐकायची आहेत, सुरुवात कुठून करू?

सरळ ‘से येस’पासून करा. 1991 सालचं हे गाणं फुजी टीव्हीच्या ‘101वी मागणी’ या मालिकेचं शीर्षकगीत होतं आणि ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या गाण्यांच्या विक्रीच्या क्रमवारीच्या, यादीत सलग 13 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मालिकेतला नायक 99 वेळा नकार पचवलेला, वयाने वाढलेला साधा माणूस, तर नायिका होणारा नवरा गमावलेली चेलोवादक. हे माहीत असलं की गाण्यातल्या आर्जवाचं वजन कळतं. मी बरीच वर्षं जपानी गाणी ऐकतोय, पण मागणी घालणारं इतकं थेट, इतकं प्रामाणिक गाणं मला दुसरं सापडलेलं नाही. हेडफोन लावून ऐका: ध्रुवपदात आस्काच्या भरदार आवाजाला चागेचा आवाज येऊन मिळतो, आणि गाणं तिथेच मनात घर करतं. त्यानंतर 1989चं ‘लव्ह साँग’ घ्या.

एक मात्र लक्षात ठेवा. ‘हाजिमारी वा इत्सुमो आमे’ अनेकदा याच जोडीच्या नावावर खपवलं जातं, पण ते एकट्या आस्काचं आहे. सुंदर आहे, जरूर ऐका. त्यात दोन आवाजांची ती जुगलबंदी मात्र शोधू नका.