वाळवंटात प्राणी खातात तरी काय?

प्रश्न : पाठ्यपुस्तकांत अन्नसाखळी गवत, ससा, कोल्हा अशी दाखवलेली असते. वाळवंटात मात्र वर्षातला बराच काळ हिरवे पान दृष्टीस पडत नाही. मग तिथले सरडे, साप, विंचू कशावर जगतात? आणि या साखळीतला एखादा प्राणी नाहीसा झाला, तर काय होते?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण वाळवंटातल्या अन्नसाखळीची सुरुवात बहुतेक वेळा हिरव्या पानापासून होतच नाही. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरहून कमी आणि तोही बेभरवशाचा पाऊस पडणाऱ्या या प्रदेशांत, चांगली सर आली की अल्पायुषी वनस्पती उगवतात, काही आठवड्यांत फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. मागे उरतो तो बियांचा आणि पाचोळ्याचा साठा, आणि पुढच्या पावसापर्यंत बहुतेक प्राण्यांचा निर्वाह त्यावरच चालतो. इमॅन्युएल नॉय-मेअर या परिसंस्थाशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये वाळवंटाची मांडणी नेमकी अशीच केली होती : अधूनमधून येणारा पाऊस आणि त्यातून साठणारी शिल्लक.

बियांवर प्रामुख्याने मुंग्या, पक्षी आणि उंदीरवर्गीय प्राणी जगतात. उत्तर अमेरिकेतला कांगारू उंदीर गालांबाहेरच्या केसाळ पिशव्यांत बिया कोंबून बिळात नेतो. एरवी तो पाणी पीत नाही म्हटले तरी चालेल. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थाचे शरीरात ज्वलन झाले की सुमारे अर्धा ग्रॅम पाणी तयार होते, आणि बिळातल्या दमट हवेत ठेवलेल्या बियाही थोडा ओलावा शोषून घेतात. त्याला खाणाऱ्या सापाला किंवा घुबडाला मांसाबरोबर हे पाणीही मिळते. वाळवंटात अन्नसाखळी ही अशी पाण्याचीही साखळी असते, आणि हा भाग मला तिच्यातला सर्वांत विलक्षण वाटतो.

पाचोळ्याची वाट वेगळी आहे. ओलाव्याअभावी बुरशी आणि जिवाणूंचे काम बरेच दिवस थंडावते. त्यामुळे अनेक वाळवंटांत पाचोळा फस्त करण्याचे ते काम वाळवी आणि इतर कीटक करतात. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटात वाऱ्याने उडालेले गवताचे तुकडे टेकड्यांच्या उतारावर साचतात. ते काळे भुंगेरे खातात, भुंगेऱ्यांना सरडे खातात आणि वाळूत अंग पुरून, केवळ डोळे वर ठेवून दबा धरणारा छोटा विषारी साप सरड्यांना पकडतो. यांपैकी एका जातीचा भुंगेरा धुके असलेल्या पहाटे टेकडीच्या माथ्यावर डोके खाली आणि पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर जमलेले थेंब ओघळत त्याच्या तोंडाशी येतात.

आता मांसाहारींकडे वळू. सस्तन प्राणी आणि पक्षी खाल्लेल्या अन्नातला फार मोठा भाग शरीर उबदार ठेवण्यात खर्च करतात. विंचू, कोळी, सरडे आणि साप यांना तो खर्च नसतो, म्हणून थोड्या अन्नावरही त्यांची संख्या मोठी राहू शकते. विंचू तर अन्नाविना कित्येक महिने तग धरतो. गॅरी पोलिस यांनी कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्याचा अभ्यास करून १९९१ मध्ये दाखवून दिले की, वाळवंटातले अन्नसंबंध साधे असतात हा समज चुकीचा आहे. तिथे विंचू कोळ्यांना खातात, कोळी लहान विंचवांना खातात, आणि मोठा विंचू स्वतःच्याच जातीच्या पिल्लालाही सोडत नाही. त्यामुळे 'साखळी' म्हणण्यापेक्षा 'अन्नजाळे' म्हणणेच अधिक योग्य.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका दीर्घ प्रयोगातून मिळते. जेम्स ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये अॅरिझोनातल्या वाळवंटी झुडपांच्या प्रदेशात काही तुकड्यांना कुंपण घालून कांगारू उंदीर बाहेर ठेवले. हे उंदीर मोठ्या बिया वेचून खातात आणि उकरून माती सतत हलवतात. ते गेल्यावर सुमारे १२ वर्षांत त्या तुकड्यांत उंच गवत माजले आणि झुडपांच्या मोकळ्या रानाचे रूपांतर गवताळ रानात होऊ लागले. तिथला पाऊस आणि माती तीच होती. फरक एवढाच, की बिया खाणारा एक गट तिथे नव्हता.